गाडीला गार हवा

“हा काही बनवायला बसला ना, की घरातल्या वस्तू मोजून ठेवत जा,” लग्नानंतर आठच दिवसांनी सासूबाईंनी तिला बजावलं होतं. तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. असा हरहुन्नरी नवरा मिळायला भाग्य लागतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. खरं तर अजूनही वाटत होतं.

गेला आठवडाभर तो पिकअपच्या बॉनेटमध्ये डोकं खुपसून होता. सोमवारपासून टेकडीवरच्या वसतिगृहाला पाण्याचे कॅन पोचवायचं काम सुरू व्हायचं होतं. आणि मागच्या रविवारी भरलेली गाडी चढावर अशी धापा टाकायला लागली, की अर्ध्यातून उलटी उतरवावी लागली. ब्रेक लागला नसता तर? या ‘तर’नं तिची झोप उडाली होती.

“इंजिन स्वतःचीच तापलेली हवा ओढतंय,” त्यानं तिला समजावलं. “तोंडावर गरम टॉवेल धरून जिना चढून बघ, म्हणजे कळेल. पुढच्या जाळीपासून गार हवा थेट आणून द्यायची. मग बघ कशी पळते.”

“हे बाजारात मिळत नाही?”

“मिळतं की. घरात असताना बाजारात कशाला?”

सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

फिल्टर तेवढा त्यानं विकत आणला. इंजिनाची धग अडवायला ओव्हनमधला ट्रे गेला. ती चिडणार होती, पण त्यानं वाकवलेला पत्रा पाहिला आणि तिचा राग विरघळला. कडा अशा दुमडल्या होत्या, की चिंगीनं हात फिरवला असता तरी ओरखडा उठला नसता. चिंगी त्यांची दीड वर्षाची लेक. तिच्यामुळे घरातल्या प्रत्येक कोपऱ्यावरून तिची आई आधी स्वतःचा हात फिरवायची.

शनिवारी सासूबाई कडाडल्या. “अरे उपद्व्याप्या, माझी शेकायची पिशवी!”

“आई, सांध्याला असं जाड रबर दुसरीकडे मिळणार नाही.”

“आणि माझ्या सांध्यांचं काय?”

“गाडीत बसायचं. आता पळेल ती.”

सासूबाईंनासुद्धा हसू आवरलं नाही.

रविवारी सकाळी फक्त लांब पाईप तेवढा राहिला होता. ती आंघोळ करून केस पुसत बाहेर आली, तर बाथरूमवरच्या माळ्यातून नवऱ्याचे दोन पाय लोंबत होते.

“सापडला!”

जळमटांसकट तो खाली उतरला. हातात चंदेरी, हवा तसा वळणारा पाईप. “जुन्या चिमणीचा. आधीच्या भाडेकरूंनी चिमणी नेली, हा इथंच राहिला. वर्षानुवर्षं नुसता धूळ खातोय.”

माप तंतोतंत जुळलं. तो शीळ घालत खाली गेला.

तिनं माळ्यात डोकावून पाहिलं. पलीकडच्या भिंतीत एक गोल भोक उघडं पडलं होतं. त्यातून थंडगार वारा येत होता आणि माळ्याच्या फळ्यांमधून थेट बाथरूममध्ये उतरत होता. थंडीचे दिवस, त्यात चिंगी कालपासून शिंकत होती. बाथरूमच्या खिडकीच्या फटी तर तिनं कधीच बुजवल्या होत्या. ती शिडी चढली, जुन्या चादरीचा बोळा केला आणि भोकात गच्च कोंबला. खाली उतरून बाथरूममध्ये हात धरून पाहिला. वाऱ्याची झुळूकही नव्हती. तिला बरं वाटलं.

साडेदहाला त्यानं हाक मारली, “चल, टेकडीवर जाऊन येऊ!”

“जा गं दोघं,” सासूबाई म्हणाल्या. “पिशवी तर याच्या गाडीनं गिळली. मी आपली आज कढत पाण्यानं सावकाश अंग शेकते. चिंगीलाही आत घेते, टबात खेळत बसेल.”

“खिडकी घट्ट लावा हं आई, शिंकतेय ती.”

“अगं, दोन पोरं वाढवलीत मी.”

दार ओढून घेताना गॅसचा गीझर भप्प करून पेटल्याचा आवाज आला.

मागे भरलेले वीस कॅन होते. मागच्या वेळी जिथे गाडी अडली होती, ते वळण आलं. तिनं श्वास रोखून धरला. गाडीनं मात्र रोखला नाही. खोल, मोकळा हुंकार देत ती एका दमात माथ्यावर पोचली.

त्यानं बॉनेट उघडलं. तिनं आतल्या पत्र्यावरून, रबराच्या सांध्यावरून, चंदेरी वळणावरून नजर फिरवली. सगळं घरातलंच, आणि तरी कसं कारखान्यातून आल्यासारखं.

“तुझे हात सोन्यात मढवायला हवेत,” ती म्हणाली.

तो लाजला. “आणि हा पाईप तर माझीच वाट बघत होता बघ. काढला तेव्हा हाताला चांगला कोमट लागला, मांजराचं पिल्लू उचलल्यासारखा.”

ती हसली. मग हसता हसता थांबली.

थंडीत, बंद माळ्यावर, वर्षानुवर्षं पडून राहिलेला पाईप कोमट? त्याआधी पाचच मिनिटं ती आंघोळ करून निघाली होती. गीझरचा विषारी धूर त्याच पाईपातून बाहेर जात होता, आणि त्याची वाट तिनंच चादर कोंबून बंद केली होती.

तिनं सासूबाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि घर पंचवीस मिनिटांवर होतं. तिनं इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं:

“हे जो कोणी आधी वाचेल त्यानं धावत आमच्या घरी जावं. दार फोडा, गीझर बंद करा आणि बाथरूममध्ये बघा. आत दोघी आहेत.”