थोपटलं की सोडायचं

वानेसने मागून गळ्याभोवती हात टाकला आणि वेर्ला लाकडासारखी ताठ झाली.

"आता थोपट," तो म्हणाला. "माझ्या हातावर. थोपटलं की सोडायचं, हा इथला पहिला नियम. तलवार त्यानंतर."

वेर्लाचे हात खाली लोंबत राहिले. बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत वानेसचा जुन्या तलवारबाजीचा वर्ग भरला होता. बाकीच्या जोड्या रबरी खंजीर घेऊन एकमेकांना लोळवत होत्या, हसत होत्या. भिंतीवर कुठल्याशा पोथीतलं चित्र: एका गड्याचं मनगट दुसऱ्याच्या मुठीत, आणि दोघांचे चेहरे अगदी शांत.

वानेसने हात काढून घेतला. "अगं, श्वास तरी घे."

"तिला सिनेमातलं हवंय रे," शेजारच्या चटईवरून ख्रीत म्हणाली. "एक गिरकी घ्यायची, की सगळे आडवे. केससुद्धा विस्कटत नाहीत."

वेर्ला हसली नाही. "मला फक्त निसटायचं शिकव," ती वानेसला म्हणाली. "शनिवारी पोरीला सोडायला तिचा बाप दारात येतो. दार उघडावंच लागतं."

ख्रीतने खंजीर खाली ठेवला.

"शिकवतो," वानेस म्हणाला. "पण आधी थोपटायला शीक. नाहीतर तुला दुखतंय हे मला कसं कळणार?"

"कळून काय होतं?"

वानेसने पुन्हा हात टाकला, या वेळी सावकाश, तिला दिसेल असा.

तिची हनुवटी त्याच्या कोपराच्या बेचक्यात अडकली. नजर दाराकडे गेली. मांडीजवळून तिचा हात उचलला गेला, मध्येच थबकला, मग बोटांची टोकं त्याच्या बाहीवर टेकली. झोपलेल्या बाळाला जाग येऊ नये इतकी हलकी.

त्याचा हात सुटला. तिथल्या तिथे.

वानेस मागे सरकला. "हं. आता मनगट कसं सोडवायचं ते दाखवतो."

वेर्ला गळा चाचपत त्याच्याकडे बघत राहिली.

"ते नंतर," ती म्हणाली. "आधी हेच पुन्हा कर."

आणि आपण होऊन तिने त्याच्याकडे पाठ केली.