रिकाम्या पोटाची शिस्त

वडिलांनी घोडीच्या पोटाखालचा खोगिराचा तंग कसायला हात घातला, तशी तिने मान वळवली आणि त्यांच्या बाहीचा कडकडून चावा घेतला. कोटाची शिवण टर्रकन उसवली. वडिलांनी घोडीच्या नाकावर एक चापट दिली आणि मुलीकडे असं पाहिलं, जणू चावा तिनेच घेतला होता.

"हिच्या डोक्यातच बिघाड आहे," ते म्हणाले. "आज चाबूक घे."

पागेत सगळे त्या घोडीला कात्री म्हणत. तंग कसताना चावायची, दात करकर वाजवायची आणि रिंगणात उतरली की उडी मारायच्या अडथळ्यासमोर येऊन खिळल्यासारखी उभी राहायची. गेल्या स्पर्धेत तिने मुलीला तोंडावर आपटलं होतं. आज पुन्हा अडली तर तिला काढून टाकायचं, हे वडिलांनी घरातून निघतानाच सांगितलं होतं. नकोशी झालेली जनावरं घेऊन जाणाऱ्याची गाडी स्पर्धेच्या मैदानाच्या फाटकाशी येऊन उभीसुद्धा होती. वडील असल्या कामात फार तत्पर.

त्यांची एक शिस्त होती. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी घोड्यापुढचं गवत काढून घ्यायचं आणि सकाळी फक्त ओंजळभर ओट्स द्यायचे. पोट आत, पाय हलके. स्वारालाही तीच शिस्त होती, फक्त ओट्सच्या जागी काळी कॉफी आणि वडिलांचं भाषण. या शिस्तीवर कपाटभर चषक आले होते, त्यामुळे घरात तिच्याविरुद्ध कुणी ब्र काढत नसे.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मध्यंतरी कात्रीच्या पोटात नळी घालून पाहिलं होतं. आत व्रण पडले होते. घोड्याच्या पोटात आम्ल सारखं पाझरत असतं, त्याने खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. गवत चावताना सुटणारी लाळच ते शमवते, असं बाईंनी समजावून सांगितलं. पोट रिकामं असलं की धावताना आम्ल वर उसळतं. पोटात आग पडलेल्या जनावराचं लक्ष अडथळ्यावर राहणार कसं, असंही त्या म्हणाल्या. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाई कधी घोड्यावर बसल्यात का, एवढंच विचारलं. औषध तेवढं घरी आलं, शिस्त होती तिथेच राहिली.

मुलगी चाबूक आणायला गेली आणि शेजारच्या पागेवाल्यांकडून सुक्या गवताचा भारा मागून घेऊन आली. बापलेकीच्या स्वतःच्या गाडीत गवताची काडी नव्हती. भारा तिने घोडीपुढे टाकला आणि तंग सैल केला. कात्रीने गवतात तोंड खुपसलं.

वडिलांनी भारा पायाने बाजूला सारला. मुलीने तो उचलून पुन्हा घोडीच्या तोंडाशी ठेवला. वडिलांनी परत सारला, तिने परत ठेवला. आजूबाजूचे स्वार एकाएकी आपापल्या रिकिबी तपासण्यात गढून गेले. या माणसाला मुलगी जन्मात कधी नाही म्हणाली नव्हती. पण भीतीपेक्षा राग मोठा होता, आणि तो काही एकट्या घोडीपुरता नव्हता.

"आत्ता रिंगणात गेली नाहीस," वडील आवाज खाली आणून म्हणाले, "तर संध्याकाळी ती त्या गाडीत चढेल."

"चढवा. भरल्या पोटी चढेल. आणि तिच्याशेजारी मी बसेन."

"डोकं फिरलंय तुझं."

"डोकं ठिकाणावर आहे, बाबा. भूक लागलीय. तिलाही आणि मलाही."

जवळची एक बादली घेऊन तिने ती घोडी आणि फाटक यांच्या बरोबर मधे पालथी घातली. मग तिच्यावर बसली, खिशातून एक केळं काढलं आणि वडिलांच्या देखत सोलायला लागली.

ध्वनिक्षेपकावरून त्यांचा नंबर पुकारला गेला. थोड्या वेळाने पुन्हा पुकारला. शेवटी संयोजक स्वतः धापा टाकत आला. आता नाही आलात तर घोडी बाद होईल, काय सांगू, असं त्याने विचारलं. विचारलं वडिलांना. वडिलांनी तोंड उघडलं, पण उत्तर मुलीकडून आलं.

"सांगा, घोडी जेवतेय."

संयोजकाने बादलीवर बसलेल्या मुलीकडे पाहिलं, उसवलेल्या बाहीकडे पाहिलं आणि तो आल्या पावली परतला. जरा वेळाने ध्वनिक्षेपक खरखरला. ज्या आवाजात विजेत्यांची नावं जाहीर व्हायची, त्याच आवाजात तो म्हणाला, "सतरा क्रमांकाची घोडी जेवत आहे. पुढच्या स्वाराने यावं."