तांब्याची जाळी

रश्मी केस पुसत मोरीशी आली आणि बघते तर आईच्या ओल्या तळहातावर तांब्याची जाळी. रुपयाएवढी, गोल आणि लख्ख.

"पाय, कशी चमकून राहिली," सुमनबाई म्हणाली. "नागपूरच्या साहेबाले दाखवाले अशी कारीकुट्ट नेत होतीस? जेवन भराले डबा उघडला, म्हनून दिसली तरी."

शेजारी चिंचेचा कोळ होता, राख होती, आणि मोरीच्या तोंडाशी काळं पाणी वाहून चाललं होतं. रश्मीची नजर त्या पाण्यावरून हलेना.

जाळीत बघण्यासारखं जे होतं, ते सगळं त्या काळ्या थरात होतं. त्यावरून मिथेनॉलची वाफ सोडली की पलीकडून हायड्रोजन निघायचा. असे थर रश्मीनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं चढवले आणि सगळे दोन दिवसांत थंडावले. उष्णतेनं तांब्याच्या कणांचे गोळे होतात, मग ते ढिम्म काम करत नाहीत. हा एकच थर पस्तीस दिवस चालला. का चालला, कुणास ठाऊक! नंतर तीच कृती, तीच भट्टी, अकरा वेळा करून पाहिली. अकराही वेळा पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून आज ही जाळी नागपूरच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची होती. त्या थरात वेगळं काय आहे ते कळलं तर काम पुढे चालणार होतं, नाही तर महिनाअखेर बंद.

सकाळच्या गाडीसाठी तिनं ती कालच घरी आणली होती आणि कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली होती. घट्ट झाकणाचा तेवढा एकच डबा घरात होता. आई सकाळी त्याच डब्यात भाजी भरेल, हे कण न् कण जपणाऱ्या पोरीला सुचू नये!

"माय, तो काळा थर..."

"निंगतच नव्हता लवकर," सुमनबाई म्हणाली. "मी काय सोडतो?"

तेवीस वर्षं तिनं लोकांची भांडी घासली होती. तांबं उजळावं तर सुमनबाईनंच, असं म्हणत बायका दिवाळीआधी तिला घरोघर बोलवायच्या. त्याच चिंचेवर आणि राखेवर रश्मी एम.एस्सी. झाली. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. पण नेणारा हात आईचा असला तर काय करायचं, हे कुठल्याच म्हणीत नाही.

"काऊन वं, बरी नाही झाली?" आईचा चेहरा उतरायला लागला.

"आरसा झाली, माय."

जाळी पुन्हा कापसात गेली. आता नागपूरला जाण्यात काही अर्थ नव्हता. पण न जावं तर आईला कारण सांगावं लागलं असतं, म्हणून रश्मी निघाली. कापसाची पुडी पर्समध्ये ठेवून ती ऑटोत बसली.

ऑटो सुरू होता होता मागून सुमनबाईचा आवाज आला. ती शेजारच्या निर्मलाबाईला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, सांगत होती, "नागपूरले चालली माही पोरगी. थो मोठा साहेब जे पायनार हाये ना, ते मीनंच घासून देली."