रविवारचे जू

रांग पुढे सरकली, तरी निंबाने बैल जुंपले नाहीत.

धुळ्याच्या सरकी काढणाऱ्या जिनापुढे कापसाच्या गाड्या तीन दिवसांपासून उभ्या होत्या. हंगामाचा आज अखेरचा दिवस. सायंकाळचा भोंगा होण्यापूर्वी जी गाडी फाटकाच्या आत जाईल, तिचाच कापूस घेतला जाणार होता. निंबाच्या गाडीतील माल तोताराम पाटलांचा. तो परत न्यावा लागला, तर पुढील साली शिंदखेड्याहून पाटलांचा कापूस दुसराच कोणी आणील. आणि निंबाच्या घरची चूल तर याच वाहतुकीवर पेटत असे.

फाटक आता शंभर पावलांवर होते. मधला रस्ता मोकळा होता.

"काय व्हयनं रे निंबा?" मागच्या गाडीवरून हाशम ओरडला. "गाडी हालाड! आठे काय लगीन लावानं शे?"

"आज रविवार शे, हाशमभाऊ. रविवारले मना बैल जू लेतस नही."

सातवा दिवस विसाव्याचा, घरधन्याचा तसाच मुक्या जनावराचाही, ही शिकवण त्याला बाप्तिस्म्यापूर्वी धुळ्याच्या मिशनमधील सुकदेव मास्तरांनी दिली होती. शनिवारी आपला नंबर लागेल, असा निंबाचा अंदाज होता. तो चुकला होता.

हाशम कुरकुरत खाली उतरला. बैल बाभळीखाली बांधलेले, आणि निंबा स्वतः जुवाखाली मान घालीत आहे, हे त्याने पाहिले.

"तुना देवनी बैलसले सुटी दिधी," तो म्हणाला, "तुले नही का?"

"दोन्हीसले दिधेल शे." निंबाने डोक्याचे फडके काढून खांद्यावर घातले. "पन पाटीलना माल शे. माणूसले माफी मांगता येस, भाऊ. बैलले कोठे येस?"

हाशमने कपाळावर हात मारला आणि चाकाच्या आऱ्यांना हात घातला.

"मी तुना धरमसाठे ढकलत नही, समजनं का? मनी गाडी तुना मांगे शे!"

गाडी हलली. परंतु एकाच खांद्यावर जू तिरपे होई आणि गाडी रस्ता सोडून गटाराकडे वळू पाही. दहा पावले झाली की निंबा थांबे, श्वास घेई, पुन्हा वाके. चैत्राचे ऊन पाठीवर होते. तीन रात्री तो गाडीखाली निजला होता, आणि नीज अशी आली नव्हती. चाळीस पावलांवर गाडी पुन्हा थांबली. मागचे गाडीवान शिव्या देत होते.

इतक्यात सुकदेव मास्तर आले. अंगात प्रार्थनेचा पांढरा कोट, बगलेत पुस्तक.

"निंबा, धुळ्यात असून तू प्रार्थनेला आला नाहीस, म्हणून पाहावयास आलो. आणि हे काय? आजच्या दिवशी काम?"

निंबाने मान वर केली नाही. जू खांद्यावर असताना ती वर होत नाही.

"बैल बसेल शेतस, मास्तर," तो म्हणाला.

मास्तरांनी बाभळीकडे पाहिले. दोन्ही बैल डोळे मिटून स्वस्थ रवंथ करीत होते. मास्तरांपाशी या प्रसंगी सांगण्यासारखे पुष्कळ होते. दर आठवड्याला ते सांगतही असत. त्यांनी बगलेतले पुस्तक हातात घेतले.

"मास्तर," चाकापाशी घाम पुशीत हाशम म्हणाला, "बोलानं व्हई तं जूनी ती बाजूले ऱ्हाईसन बोला. आठे तं सावलीबी पडत नही तुमनी."

मास्तरांनी पुस्तक कापसावर ठेवले. कोट काढला, नीट घडी केली, पुस्तकावर ठेवला. मग ते जुवाच्या रिकाम्या बाजूला गेले आणि तेथेच घोटाळले. आत कसे शिरावे, हे त्यांना कळेना. निंबाने हात लांबवून तिकडची खुंटी उपसून दिली.

मास्तर वाकले. त्यांच्या धुतलेल्या सदऱ्यावर लाकूड टेकले.

"हळू, मास्तर," निंबा म्हणाला. "पहिला दिन खांदा सोलाई जास."