अंगाचं माप

"हलू नकोस," शिंपी म्हणाला. "आता दहा मिनिटं तू माणूस नाहीस, माप आहेस."

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे शिंपी म्हणत, पण सुईदोऱ्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तो शर्यतीच्या गाड्यांच्या सीट बनवायचा. चाकं काढलेल्या गाडीत ड्रायव्हरला बसवायचं, पाठीमागे मोठी प्लॅस्टिकची पिशवी ठेवायची, पिशवीत दोन रसायनं ओतायची. फेस फुगत जातो, अंगाच्या खाचाखोचा भरत जातो, गरम होतो, आणि निवला की दगड. ज्याच्या त्याच्या अंगाचा साचा तयार.

मुलगी गाडीत बसली होती. हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर. चार वर्षं ती या टीमची राखीव ड्रायव्हर होती. म्हणजे चार वर्षं टायर पुसत होती आणि दुसऱ्यांच्या फेऱ्यांच्या वेळा लिहीत होती. गुरुवारी तिची चाचणी होती. जमली तर सबंध मोसम गाडी तिची. नाही जमली तर मालकांचा भाचा तयारच होता, हेल्मेटसुद्धा रंगवून बसला होता.

"काका, पाठीला मस्त शेक बसतोय."

"तिकीट लावू का?"

ती हसली, आणि हसता हसता मध्येच थांबली.

साचा निघाला. शिंप्याने तो टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि त्यावरून तळवा फिरवला. उजवीकडे साचा पुठ्ठ्यासारखा पातळ होता, डावीकडे उशीसारखा जाड. बसणारं अंग सगळा वेळ डावी बाजू चुकवून, उजवीकडे कलून बसलं होतं.

"डावी बरगडी?"

"कुठली?"

"तुला किती आहेत ते मला माहीत नाही. जी दुखते ती."

मुलीने दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"मागच्या आठवड्यात. सरावात भिंतीला घासले. नुसता तडा आहे."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतं का. मी म्हटलं, कुठेच नाही."

"ब्रेक मारलास की पट्टा नेमका तिथेच आवळतो. तड्याचे दोन तुकडे होतील. एक आत शिरला म्हणजे?"

"वीस फेऱ्या, काका. फक्त वीस. मग महिनाभर आडवी पडते, तुम्ही म्हणाल त्या कुशीवर."

"कुशीवर पडायची बात करू नकोस. गेला आठवडाभर उताणी झोपत असशील."

तिने पुन्हा दाराकडे पाहिलं. म्हणजे झोपत होती.

या टेबलावरून आजवर दोन ड्रायव्हर घरी गेले होते. शिंप्याच्या हाताला जे लागलं ते त्याने सांगितलं, म्हणून. त्यातला एक आता धडधाकट आहे, नातवंडं खेळवतो, आणि रस्त्यात शिंपी दिसला की पलीकडच्या बाजूने जातो.

शिंप्याने साचा गुडघ्यावर घेतला, मोडला आणि तुकडे कचऱ्याच्या पिंपात टाकले.

"पुन्हा ओततो. या वेळी सरळ बस. बसता आलं तर मी काही बघितलं नाही. नाही आलं तर तूच जाऊन मॅनेजरबाईंना सांग."

"बसेन."

"बोलून नाही. बसून."

ती बसली. पिशवीतला फेस फुगू लागला. आधी कमरेशी आला, मग पाठीशी, मग दोन्ही कुशींना. ती कलली नाही. ओळंबा सोडावा तशी ताठ राहिली. तिच्या ओठांचा रंग तेवढा उतरत गेला.

तेवढ्यात मॅनेजरबाई आल्या, हातात फोन.

"अजून झालं नाही?"

"पहिला बिघडला. माझ्या हातून चूक झाली."

"तुमच्या हातून? आजची तारीख लिहून ठेवायला हवी." त्या गाडीजवळ आल्या. "बरं, इकडे बघ ग. हस जरा. टीमच्या पानावर फोटो टाकायचाय."

मुलगी हसली. हसत असतानाच तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि हनुवटीपर्यंत आलं.

"हे काय? रडतेस?"

"रसायनाचा वास," शिंपी म्हणाला. "सगळ्यांच्याच डोळ्यांत येतं पाणी."

बाईंनी नाक ओढून वास घेतला. त्यांचे डोळे कोरडे होते. शिंप्याचेही कोरडे होते. त्यांनी शिंप्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं.

"डोळे पूस. आणखी एक घेते."

"तिला हात हलवता येत नाही," शिंपी म्हणाला. त्याने खिशातलं फडकं काढलं, उलटी, स्वच्छ बाजू वर केली आणि मुलीचे डोळे पुसले. आधी उजवा, मग डावा. लेकराचं तोंड पुसावं तसे, पण घाईने.

"हा छान आलाय," बाई म्हणाल्या आणि फोन बघत बघत निघून गेल्या.

"काका, किती राहिलं?"

"सहा मिनिटं."

प्रत्येक साच्यावर एक चिठ्ठी चिकटवायची असते: बसणाऱ्याचं अंग तपासलं, दोष नाही. साचा निघाला की त्यावरून हात फिरवायचा आणि मगच खाली सही करायची, असा नियम. शिंप्याने खणातून कोरी चिठ्ठी काढली, गाडीकडे पाठ केली, आणि मागे तिचा श्वास अडकत अडकत येत होता तो ऐकत, सही करून टाकली.