संवर्धित कडा

कड्याला अजून ऑइलपेंटचा वास येत होता. खाली लाल, मध्ये पिवळा, वर निळा. समुद्राकाठची लोहखाण बंद पडल्यावर तिच्या कापलेल्या भिंतीत दगडांचे थर उघडे राहिले होते. ते जपावेत असा अहवाल मीच दिला होता आणि थर वेगळे ओळखू यावेत म्हणून अहवालातल्या चित्रात हाती आलेले रंग भरले होते.

"मॅडम, बघा," सरपंच अभिमानाने म्हणाले. "तुमच्या चित्रातलो एक रंग हयचो थय होवक नाय."

"पण जांभा दगड निळा नसतो हो."

"नसता म्हणानच रंगवलो."

मी नखाने खरवडून पाहिलं. रंग दगडात मुरला होता.

उद्घाटनाला आलेले जिल्ह्याचे साहेब कड्यासमोर फोटो काढून खूश झाले. "आता कसं, कुणालाही समजेल. बंदरापलीकडे अजून एक जुनी खाण आहे ना? तिचंही चित्र द्या. रंग उरलाय."

तिथले थर इथल्याहून स्पष्ट होते. किनाऱ्यावर तसे मी दुसरीकडे कुठेच पाहिले नव्हते.

"तिथं काहीच नाही, साहेब," मी म्हणाले. "साधा दगड आहे."