शेजाऱ्यांचा मका

सुनेने दाणे काढलेली कणसं खड्ड्यात जाळून शेतासाठी कोळसा केला, तेव्हा सासरे म्हणाले, "कोळसा उगाळावा तितका काळाच. त्याने कुठे मका वाढतो?" आणि तिच्या हौसेसाठी त्यांनी बांधालगतच्या चारच ओळी सोडल्या.

पेरणीनंतर महिन्याभरात तिचा मका कमरेला लागला. सासऱ्यांच्या ओळी मात्र पिवळ्या पडल्या. असं का, ते बघायला तिने तिथली माती बोटाने उकरली, तर आत कोळशाचे तुकडे. तिच्याच पोत्यातले. तिने माती गुपचूप सारखी केली.

संध्याकाळी दोघांना चहा देताना ती सासूबाईंना म्हणाली, "आई, शेजारच्या काकांनी मक्यात नुसताच कोळसा घातला म्हणे. नुसता कोळसा हावरट असतो, रोपाच्या तोंडचा घास पळवतो. त्याला आधी दोन महिने कंपोस्टात मुरवून पोटभर खाऊ घालावं लागतं."

सासरे बशीत बघत म्हणाले, "मग आता त्याच्या मक्याचं काय?"

"मुळाशी कंपोस्ट घातलं तर सावरेल. आपल्या ढिगातलं नेऊ द्या त्यांना."

"तो कुठला येतोय. मीच पोचवतो," म्हणत सासरे अर्धा चहा टाकून उठले आणि घमेलं घेऊन बाहेर पडले.

सासूबाई बुचकळ्यात पडल्या. "अगं, पण शेजाऱ्यांनी तर यंदा भुईमूग लावलाय."

"हो," सून म्हणाली, "बाबांनाही माहीत आहे ते."